बेलारूशियन आणि स्वीडिश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेलारूस आणि स्वीडन या दोन्ही देशांची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास आहे. मध्ये बाल्टिक समुद्र आहे आणि लाटव्हिया-लिथुआनियाची पट्टी आहे. तरीही एका भाषेत आज विद्यापीठांपासून बँकेच्या अर्जापर्यंत सगळं चालतं, आणि दुसरी भाषा स्वतःच्याच राजधानीत कानावर पडली तर लोक वळून बघतात. भाषाप्रेमींकडून येणारे प्रश्न बहुतेक 'सोपी कुठली' याभोवती फिरतात. त्यांची उत्तरं इथे आहेतच, पण हा फरक का पडला याकडेही प्रत्येक वाचकाने बघावं असं मनापासून वाटतं. परके शब्द देवनागरीत जवळच्या उच्चाराने दिले आहेत.

या दोन भाषा एकमेकींच्या नात्यातल्या आहेत का?

आहेत, पण नातं लांबचं आहे. दोन्ही इंडो-युरोपीय भाषाकुलातल्या आहेत. बेलारूशियन ही स्लाव्हिक शाखेच्या पूर्वेकडच्या गटातली असून रशियन आणि युक्रेनियन या तिच्या सख्ख्या बहिणी. स्वीडिश ही जर्मानिक शाखेच्या उत्तर गटातली, डॅनिश आणि नॉर्वेजियनच्या पंगतीतली. मराठीही याच कुळातली असल्यामुळे आपल्याला या दोघींमधलं साम्य ओळखायला संस्कृत उपयोगी पडतं.

'जाणणे' या अर्थी बेलारूशियनमध्ये 'व्येदात्स' आणि स्वीडिशमध्ये 'वेता' म्हणतात. 'विद्' धातू आणि 'वेद' हा शब्द याच मुळातून आला. दार म्हणजे बेलारूशियन 'द्ज्वेरी', स्वीडिश 'दॉर', संस्कृत 'द्वार'. तीनला 'त्री' आणि 'त्रे'. भावाला 'ब्रात' आणि 'ब्रूदेर', म्हणजे आपला 'भ्राता'. नावाला स्वीडिशमध्ये 'नाम्न' म्हणतात.

शंभर या संख्येपाशी मात्र दोघी वेगळ्या होतात. बेलारूशियन 'स्तो' हा संस्कृत 'शत'च्या बाजूला उभा राहतो, तर स्वीडिश 'हुन्द्रा' पलीकडे जातो. मूळ भाषेतला 'क'सारखा एक ध्वनी स्लाव्हिक आणि भारतीय-इराणी शाखांमध्ये 'स' किंवा 'श' झाला, जर्मानिक भाषांमध्ये तो 'ह' झाला. या एका बाबतीत बेलारूशियन स्वीडिशपेक्षा संस्कृतच्या जवळची आहे.

एका भाषेचा माणूस दुसरी समजू शकतो का?

नाही. सुटे शब्द ओळखता येतील, वाक्य कळणार नाही. रशियन किंवा पोलिश माणसाला बेलारूशियन बरीच समजते. नॉर्वेजियन माणसाला स्वीडिश जवळजवळ पूर्ण समजते. पण या दोघींमध्ये तसा पूल नाही.

मग काही शब्द इतके सारखे कसे?

कारण दोघींनी एकाच दुकानातून माल उचलला, आणि ते दुकान जर्मन भाषेचं होतं. मध्ययुगात बाल्टिक किनाऱ्यावर जर्मन व्यापाऱ्यांच्या हान्सा संघाचा दबदबा होता. स्वीडिशने त्यांच्या निम्न जर्मन बोलीतून शब्दांचा मोठा साठा घेतला. बेलारूशियनकडे जर्मन शब्द आले ते मुख्यतः पोलिशमार्गे.

'आभार'साठी बेलारूशियन लोक 'ज्याकुय' म्हणतात आणि स्वीडिश लोक 'ताक्'. वरवर काही संबंध दिसत नाही, पण दोन्ही शब्द एकाच जर्मानिक मुळाचे आहेत. स्वीडिशचा तो वारसा, बेलारूशियनची ती उसनवारी. व्यापाराला एकीकडे 'हान्दल', दुसरीकडे 'हान्देल'. हिशेब किंवा बिल म्हणजे 'राखूनक' आणि 'रेकनिंग'. वीट किंवा कौलाला 'त्सेग्ला' आणि 'तेगेल', मूळ लॅटिन. परिषदेला 'रादा' आणि 'रोद'. 'करायलाच हवं' याला 'मूसित्स' आणि 'मोस्ते'. बाजार, बांधकाम, कारभार आणि कर्तव्य ही या शब्दांची क्षेत्रं बघितली की व्यापारी आणि कारागीर सोबत काय घेऊन फिरत होते ते कळतं.

यातला साखरेचा शब्द आपल्या घरचा आहे. संस्कृत 'शर्करा' फारसीत आणि अरबीत गेली, तिथून इटलीला, मग जर्मनीला. तिथून एक फाटा पोलिशमार्गे बेलारूशियन 'त्सुकर' झाला आणि दुसरा स्वीडिश 'सॉकर'. आपली 'साखर'ही त्याच 'शर्करे'ची.

या दोन समाजांचा थेट संबंध कधी आला का?

आला, आणि फार जुना. व्हायकिंग काळात स्वीडनकडून काळ्या समुद्राकडे जाणारा जलमार्ग आजच्या बेलारूसमधून जात असे. पश्चिम द्विना नदीने वर यायचं, नावा ओढत जमिनीचा पट्टा ओलांडायचा आणि नीपर नदीत उतरायचं. द्विनेकाठी पोलात्स्क हे शहर आहे. जुन्या इतिवृत्तात 862 सालच्या हकिकतीत त्याचं नाव येतं. दहाव्या शतकात तिथला राजा 'समुद्रापलीकडून आलेला' रोगवोलोद होता आणि त्याची मुलगी रोगनेदा. ही नावं स्कँडिनेव्हियन वळणाची आहेत, 'रॉग्नवाल्द' आणि 'रॉग्नहेइद' यांची स्लाव्हिक रूपं. आज बेलारूसमध्ये रोगनेदेची आठवण आपल्या इतिहासातली नायिका म्हणूनच ठेवली जाते.

या मार्गाने शब्दही आले-गेले. जहाजाच्या नांगराला बेलारूशियनमध्ये 'याकर' म्हणतात, तो प्राचीन स्वीडिशकडून आला. उलट दिशेने स्लाव्हिक 'तोर्ग' म्हणजे बाजार स्वीडनला गेला आणि तिथेच राहिला. स्टॉकहोमच्या जुन्या शहराच्या मधोमध असलेल्या चौकाचं नाव 'स्तूरतोरयेत', म्हणजे मोठा बाजारचौक.

दुसरी भेट रक्तरंजित होती. 1708 साली स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स रशियावर चालून जाताना बेलारूसच्या भूमीतून गेला. हालोव्चिन इथे तो जिंकला. त्याच वर्षी ल्यास्नाया गावाजवळ त्याची रसद घेऊन येणारी सेनापती लेवेनहाउप्टची फौज रशियनांनी मोडली. पुढच्या वर्षी पोल्ताव्हाला त्याचा जो पराभव झाला, त्यात हरवलेल्या रसदीचा मोठा वाटा होता.

लिपी कोणत्या?

स्वीडिश लॅटिन लिपीत लिहितात. वर्णमालेत 29 अक्षरं आहेत आणि शेवटची तीन, म्हणजे डोक्यावर वर्तुळ असलेला 'ओ' आणि दोन टिंबांचे 'ऍ' व 'अ‍ॅ-ओ'मधले स्वर, ही स्वतंत्र अक्षरं मानतात. शब्दकोशात ती अगदी शेवटी येतात, त्यामुळे नवशिका चुकीच्या पानावर शब्द शोधत बसतो.

बेलारूशियनची गोष्ट जास्त रंगतदार आहे. आज ती सिरिलिकमध्ये 32 अक्षरांत लिहितात. पण तिची लॅटिन लिपीही आहे, तिला 'लात्सिंका' म्हणतात. विल्नामधून (आजचं लिथुआनियातलं विल्नियस) 1906 साली निघालेलं 'नाशा नीवा' हे वृत्तपत्र 1912 पर्यंत दोन्ही लिप्यांत छापलं जाई, कारण कॅथलिक वाचक लॅटिनला सरावलेले होते आणि ऑर्थोडॉक्स वाचक सिरिलिकला. याहून आश्चर्याची बाब म्हणजे तिथल्या तातार मुसलमानांनी बेलारूशियन भाषा अरबी लिपीत लिहिली. त्या हस्तलिखितांना 'किताब'च म्हणतात, आणि 'द्ज' व 'त्स' या ध्वनींसाठी त्यांनी अरबीत नवी अक्षरं घडवली. लिहिणारे उच्चाराप्रमाणे लिहीत, म्हणून जुन्या बोलीभाषेचा उच्चार अभ्यासायला ही हस्तलिखितं मोलाची ठरली.

सिरिलिक 'उ'वर चंद्रकोरीसारखी खूण असलेलं एक अक्षर बेलारूशियनची ओळख बनलं आहे. पोलात्स्कमध्ये 2003 साली त्या अक्षराचं स्मारक उभं राहिलं.

मराठी माणसाला उच्चार कुठले सोपे जातील?

दोन्हीकडे आपल्याला अनपेक्षित मदत मिळते.

स्वीडिशमध्ये 'र'नंतर त, द, न, स किंवा ल आला की मध्य आणि उत्तर स्वीडनमध्ये दोघे मिळून ट, ड, ण, ष, ळ असा मूर्धन्य ध्वनी होतो. मूल या अर्थाचा 'बार्न' शब्द 'बाण'च्या अगदी जवळ ऐकू येतो. मोती म्हणजे 'पॅर्ला' आणि उच्चार 'पॅळा'. युरोपातल्या विद्यार्थ्यांना यासाठी जीभ वळवायला शिकावं लागतं, आपण 'बाळ' म्हणतच मोठे झालो. दक्षिणेकडच्या स्कोने भागात आणि फिनलंडच्या स्वीडिशमध्ये हे होत नाही, तिथे शिकणाऱ्यांनी तसं बोलू नये.

अवघड आहेत ते स्वर आणि सूर. ओठ गोल करून 'ई' म्हणायचा स्वर आपल्याकडे नाही. 'सात' या अर्थाचा 'शू' हा शब्द ज्या घशातल्या फुंकरीने सुरू होतो, तोही नाही. शिवाय शब्दांना दोन सूर असतात. 'अन्देन' एका सुरात म्हटलं की 'ते बदक', दुसऱ्या सुरात 'तो आत्मा'. पण सूर चुकला तरी संदर्भाने समजतं, म्हणून त्याची धास्ती घेऊ नका.

बेलारूशियनचं ते चंद्रकोरीचं अक्षर म्हणजे आपल्या 'गाव', 'राव', 'भाव' यांच्या शेवटचा व. लांडग्याला 'वोव्क' म्हणतात, सत्याला 'प्राव्दा'. 'त्स' आणि 'द्ज' हे तर 'चमचा'तला च आणि 'जर'मधला ज. मृदू व्यंजनं मात्र कान देऊन शिकावी लागतात. लेखन बहुतांशी उच्चारानुसार आहे. आघात नसलेला 'ओ' बोलताना 'आ' होतो, तर लिहितानाही 'आ'च लिहितात. रशियन लोक दुधाला 'मोलोको' लिहून 'मालाको' म्हणतात, बेलारूशियन लोक 'मालाको'च लिहितात. स्वीडिश इतकी सरळ नाही, त्या घशातल्या फुंकरीचंच स्पेलिंग अनेक प्रकारे होतं.

व्याकरण कुणाचं अवघड?

सर्वसाधारणपणे बेलारूशियनचं. पण मराठी माणसाला 'अवघड'चा अर्थ वेगळा लागतो.

स्वीडिश क्रियापद पुरुष-वचनाप्रमाणे बदलत नाही. मी, तू, आम्ही, ते, सगळ्यांना एकच रूप. लिंगं दोन. विभक्तीप्रत्यय जवळजवळ नाहीत. मात्र 'ते' हा निश्चितपणा दाखवणारा प्रत्यय नामाला मागून चिकटतो. 'हूस' म्हणजे घर, 'हूसेत' म्हणजे ते घर. विशेषण आलं की 'देन स्तूरा बूकेन', इथे 'ते मोठं पुस्तक' म्हणताना निश्चितपणा पुढे, विशेषणात आणि मागे असा तीनदा दाखवतात. क्रियापद दुसऱ्या जागेवरच हवं, म्हणून 'आज' शब्दाने वाक्य सुरू केलं की 'आज जातो मी' असं म्हणावं लागतं. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या आपल्या सवयीला हाच सगळ्यात मोठा धक्का.

बेलारूशियनमध्ये तीन लिंगं, सहा विभक्ती, प्रत्येक पुरुषाला वेगळं क्रियापदरूप. इंग्रजी भाषकाला घाम फुटतो. आपल्याला तीन लिंगं आणि विभक्ती ही कल्पना नवी नाही. 'माझ्याकडे पुस्तक आहे' हे वाक्य बेलारूशियनमध्ये जवळजवळ तसंच होतं, 'माझ्यापाशी आहे पुस्तक'. स्वीडिशमध्ये 'मी बाळगतो पुस्तक' या धर्तीवर म्हणतात. (बेलारूशियनमध्ये हीही रचना रशियनपेक्षा जास्त चालते.) 'मला थंडी वाजते' यातला 'मला' बेलारूशियनमध्येही 'मला'च राहतो, स्वीडिशमध्ये तो 'मी' होतो. भूतकाळाचं रूप कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं. तिने वाचलं तर 'चिताला', त्याने वाचलं तर 'चिताव'. आपल्या 'आला-आली'तला 'ल' इथेही दिसतो म्हणून भारावून जाऊ नका, दोन्ही 'ल'चा उगम स्वतंत्र आहे.

खरी कसोटी आहे क्रियेची पूर्णता-अपूर्णता. 'चितात्स' म्हणजे वाचत असणे, 'प्राचितात्स' म्हणजे वाचून संपवणे. जवळजवळ प्रत्येक क्रियापदाची अशी जोडी असते. 'वाचत होतो' आणि 'वाचून काढलं' यातला फरक मनात ठेवला की बरंच सुटतं. आणि संख्यांचं पाठच करावं लागतं. दोन, तीन, चार टेबलांना एक रूप ('द्वा स्ताली'), पाचपासून पुढे दुसरं ('प्यात्स स्तालोव').

'तू' आणि 'तुम्ही'चं काय?

बेलारूशियनमध्ये आपल्यासारखीच विभागणी आहे. घरात 'ती' म्हणजे तू, वडीलधाऱ्यांना आणि अनोळखी माणसाला 'वी' म्हणजे तुम्ही. सोव्हिएत काळातल्या 'कॉम्रेड'च्या जागी भाषेवर प्रेम करणारे लोक 'स्पादार' आणि 'स्पादारिन्या', म्हणजे श्रीयुत आणि श्रीमती, आवर्जून वापरतात.

स्वीडनमध्ये 1960च्या दशकापर्यंत मोठा पेच होता. 'तुम्ही'चा शब्द होता, पण तो अनेकांना उद्धट वाटे, म्हणून हुद्दा घालून तृतीय पुरुषात बोलत. 'डॉक्टरांना कॉफी हवी आहे का?' असं डॉक्टरांनाच विचारायचं. आपलं 'साहेब काय घेणार?' याच चालीचं. हुद्दा माहीत नसला की पंचाईत. 1967 मध्ये आरोग्य प्रशासनाचे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनी रुजू होताना जाहीर केलं की ते सगळ्या कर्मचाऱ्यांना 'दू' म्हणजे तू म्हणतील. वारं आधीच त्या दिशेने वाहत होतं. काही वर्षांत राजघराणं सोडून सगळा देश 'तू'वर आला.

बेलारूशियन ही रशियनचीच बोली आहे ना?

नाही. हा गैरसमज खोडून काढणं गरजेचं आहे, कारण याच समजुतीने त्या भाषेचं सर्वाधिक नुकसान झालं.

आजचं बेलारूस ज्यात होतं त्या लिथुआनियाच्या राज्याचा, म्हणजे ग्रँड डचीचा, कारभार जुन्या बेलारूशियन-युक्रेनियन लिखित भाषेत, रुथेनियनमध्ये चाले. 1529, 1566 आणि 1588 अशा तीन कायदेसंहिता तिच्यात तयार झाल्या, आणि शेवटच्या संहितेत कारकुनाने याच भाषेत आणि याच अक्षरांत लिहावं असं कलमही घातलं. पोलात्स्कचा फ्रान्त्सिस्क स्कारिना याने 1517 साली प्रागमध्ये स्तोत्रसंहिता छापली आणि पाठोपाठ बायबलचे इतर भाग. स्वीडिश नवा करार छापला गेला 1526 मध्ये आणि संपूर्ण बायबल 1541 मध्ये. म्हणजे छपाईच्या शर्यतीत पोलात्स्कचा माणूस पुढे होता. (स्कारिनाची भाषा चर्च स्लाव्होनिक या स्लाव्ह लोकांच्या जुन्या धर्मभाषेवर आधारलेली आणि स्थानिक बोलीच्या छटांची होती, हेही सांगायला हवं.)

शब्दसंग्रहही वेगळा आहे. 'न्याज्येल्या' म्हणजे बेलारूशियनमध्ये रविवार. त्याचाच भाऊ असलेला रशियन शब्द आठवडा सांगतो.

मग स्वीडिश इतकी भक्कम आणि बेलारूशियन इतकी नाजूक का?

व्याकरणात याचं उत्तर शोधू नये. स्वीडनला सलग स्वतःचं राज्य मिळालं. चर्च, शाळा, न्यायालय सगळं एकाच भाषेत चाललं. तिसऱ्या गुस्ताव्हने 1786 मध्ये स्वीडिश अकादमी स्थापली. तिच्या महाकोशाचा पहिला खंड 1898 मध्ये आला आणि शेवटचा 2023 मध्ये. सव्वाशे वर्षं एक कोश धीराने पूर्ण होऊ शकतो, कारण त्यामागे संस्था टिकून असते.

बेलारूशियनचा कारभारातला मान 1696 मध्ये गेला, तिच्या जागी पोलिश आली. पुढे रशियन साम्राज्य आलं. 1920च्या दशकात सोव्हिएत बेलारूसमध्ये शाळा, विज्ञान, नाटक सगळं बेलारूशियनमध्ये उभं राहू लागलं, तेव्हा तिथे बेलारूशियन, रशियन, पोलिश आणि यिद्दिश अशा चार अधिकृत भाषा होत्या. मग दमन आलं. 29 ऑक्टोबर 1937च्या रात्री आणि 30च्या पहाटे मिन्स्कमध्ये शंभराहून अधिक लेखक, शास्त्रज्ञ आणि बुद्धिजीवी गोळ्या घालून मारले गेले. व्याकरणकार ब्रानिस्लाव्ह ताराश्केविच यांना 1938 मध्ये ठार केलं. एका भाषेची लिहिती-शिकवती पिढी अशी कापली गेली की पुढची कित्येक वर्षं ती जागा रिकामी राहते.

1990च्या कायद्याने बेलारूशियन एकमेव राज्यभाषा झाली. 1995च्या सार्वमतानंतर रशियनला समान दर्जा मिळाला. 'समान' हा शब्द इथे फसवा आहे, कारण बलवान भाषेला बरोबरीचा दर्जा दिला की दुर्बल भाषेचं सगळं संरक्षण जातं. 1999च्या जनगणनेत सुमारे 37 टक्के लोकांनी घरात बेलारूशियन बोलतो असं सांगितलं, 2009 मध्ये हा आकडा सुमारे 23 टक्क्यांवर आला. युनेस्कोच्या नकाशात ती असुरक्षित भाषांमध्ये आहे.

स्वीडिशलाही चिंता नाही असं नाही. संशोधनात आणि मोठ्या कंपन्यांत इंग्रजी वाढली, म्हणून 2009 मध्ये भाषा कायदा करून तिला देशाची मुख्य भाषा ठरवलं. सरकारी भाषा नेटकी, सोपी आणि समजण्याजोगी असावी असंही त्या कायद्यात लिहिलं आहे. आपल्याकडच्या परिपत्रकांची भाषा वाचताना या कलमाचा हेवा वाटतो.

बेलारूशियनच्या दोन लेखनपद्धती कशा?

ताराश्केविच यांनी 1918 मध्ये व्याकरण प्रसिद्ध केलं. 1933 मध्ये सोव्हिएत सरकारने लेखननियम बदलले, त्यातून भाषा रशियनच्या जवळ गेली. आज अधिकृत पद्धत त्या सुधारणेवर आधारलेली आहे, जुनी पद्धत 'ताराश्केवित्सा' म्हणून जिवंत आहे. विकिपीडियाच्या बेलारूशियन आवृत्त्याही दोन आहेत. स्वीडिशमध्ये 1906 साली शासनाने स्पेलिंग सुधारलं, वाद झाले आणि विषय संपला.

महिन्यांची नावं?

स्वीडिशमध्ये युरोपभर चालतात तीच, लॅटिन वळणाची. बेलारूशियनमध्ये निसर्गातली. मार्च हा झाडांतून रस वाहण्याचा महिना, जुलै लिंडेनच्या झाडाचा, ऑगस्ट कापणीचा, सप्टेंबर हेदर फुलण्याचा, नोव्हेंबर पानगळीचा आणि डिसेंबर हिमाचा.

मी मिन्स्कला वैद्यकीय शिक्षणासाठी जातोय. बेलारूशियन लागेल का?

बाजारात, वसतिगृहात आणि रुग्णांशी बोलताना रशियन लागेल, आधी तीच शिका. पण मेट्रोत 'सावधान, दरवाजे बंद होत आहेत' ही घोषणा बेलारूशियनमध्ये ऐकण्याची सवय मिन्स्ककरांना आहे, आणि त्यातला 'द्ज्वेरी' तुम्ही आता ओळखाल. दुकानात बेलारूशियनमध्ये 'ज्याकुय' म्हणालात तर समोरच्याच्या चेहऱ्यावर फरक दिसेल. शहर आणि खेड्यांत रशियन-बेलारूशियनची सरमिसळ असलेली 'त्रासिआंका'ही कानावर येईल. तिला हसू नका, ती लाखो लोकांची घरची बोली आहे.

स्वीडनमध्ये इंग्रजीवर निभावतं, मग स्वीडिश कशाला?

नोकरीत निभावतं. शाळेच्या पालकसभेत, शेजाऱ्यांत आणि जेवणाच्या सुट्टीत निभावत नाही. तिथे वास्तव्य असलेल्या प्रौढांसाठी स्वीडिशचे सरकारी वर्ग मोफत असतात, नाव नोंदवा. ही भाषा फिनलंडचीही अधिकृत भाषा आहे, आणि तिथल्या ओलांद बेटांची तर एकमेव अधिकृत भाषा स्वीडिशच आहे.

सुरुवात कुठून करावी?

स्वीडिश शिकताना प्रत्येक नाम त्याचं लिंग दाखवणाऱ्या 'एन' किंवा 'एत्त' या शब्दासकट पाठ करा, नंतर लिंग लावायला गेलात तर कधीच बसत नाही. मग रोज थोड्या बातम्या ऐका, सूर कानातूनच येतो. बेलारूशियनसाठी सिरिलिक आठवडाभरात येते. लेखनपद्धत अधिकृत निवडा, म्हणजे कोश आणि पाठ्यपुस्तकं जुळतील, ताराश्केवित्सा पुढे आपोआप वाचता येईल. क्रियापदं जोडीनेच लिहून ठेवा. वाचनासाठी यांका कुपाला आणि याकुब कोलास यांच्या छोट्या कविता घ्या. दोघेही 1882 साली जन्मलेले, आणि त्यांच्या ओळी शाळेतली मुलं पाठ म्हणतात, त्यामुळे ध्वनिमुद्रणं सहज मिळतात.